‘थांबा’नंतर तीन सेकंद

१७ नोव्हेंबर, सोमवार
जिल्हास्तरीय वादविवाद स्पर्धेचं पत्र आलं. १३ डिसेंबर, जालना. विषय: ‘मोबाइलमुळे शालेय शिक्षण सुधारले आहे.’ प्रत्येक शाळेतून एकच विद्यार्थी, बाजू आपणच निवडायची.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, सोनुने सर, सांस्कृतिक विभाग एकोणीस वर्षं तुमच्याकडे आहे आणि करंडक सहा वर्षांत हसनाबादला आलेला नाही. यंदा नंबर आला नाही तर विभाग प्रीती मॅडमकडे द्यावा लागेल. मी हसून ‘काही हरकत नाही’ म्हणालो. हसू बराबर जमलं नसावं, कारण त्यांनी पाणी पिता का म्हणून विचारलं.

प्रीती मॅडम दोन वर्षांपूर्वी आल्या. शिकवतात विज्ञान. नाटकातले संवाद मुलांनाच तयार करायला लावतात. याला नाटक म्हणत नाहीत, मधली सुट्टी म्हणतात.

संकल्प: करंडक आणणे. चिडायचं नाही. रोज ज्येष्ठमध.

१८ नोव्हेंबर
निवड झाली. नववी ब मधली दैवशाला. प्रार्थना म्हणते तेव्हा स्टँडवर ऐकू जाते. पाठांतर जबरदस्त.

तिने स्वतःच दोन पानं लिहून आणली होती. अनुकूल बाजू. घरात एकच फोन. दिवसा वडील शेतात नेतात, कारण विहिरीची मोटर त्यावरून चालू होते. संध्याकाळी सात ते आठ हिच्याकडे. स्क्रीन फुटलेली, वरच्या दोन ओळी दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक गणिताच्या पहिल्या दोन ओळी ही अंदाजाने ओळखते, आणि त्यामुळेच म्हणे हिला गणित यायला लागलं.

वाचायला बरं आहे, पण हे भाषण नव्हे. एक सुविचार नाही. ‘सन्माननीय व्यासपीठ’सुद्धा नाही. लाल पेनने ‘घरगुती’ असा शेरा दिला. घरगुती म्हणजे चूक का, असं तिने विचारलं. मुलं हल्ली फार प्रश्न विचारतात.

भाषण मीच लिहीन, नेहमीप्रमाणे. आवाज मुलांचा, शब्द माझे.

२१ नोव्हेंबर
भाषण पूर्ण. प्रतिकूल बाजू, सहा मिनिटं. शेवटाकडे एकदम ‘थांबा!’, उजवं बोट प्रेक्षकांकडे, तीन सेकंद पूर्ण शांतता, आणि मग: ‘मोबाइल तुमच्या हातात आहे, की तुम्ही मोबाइलच्या हातात?’ लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

शीतलला वाचून दाखवलं. ती मोबाइल बघत होती. छान म्हणाली, दोनदा. बायकोकडून एका महिन्याला एवढं पुष्कळ झालं.

२४ नोव्हेंबर
प्रीती मॅडमनी तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नाचाच्या तालमीचा व्हिडिओ टाकला. एकतीस अंगठे. मला त्याचं काही नाही. पण ग्रुपवर काहीतरी दर्जेदारही जायला हवं.

पूर्ण भाषण टाकलं. खाली लिहिलं, ‘केवळ मार्गदर्शनार्थ. कॉपी करू नये.’ पाच वाजेपर्यंत सत्तेचाळीस अंगठे आणि चार नमस्कार. शीतल म्हणाली, स्पर्धेआधी भाषण वाटून टाकलं का? तिला समजावलं की शब्द नेतील, पण हावभाव कुठून आणतील?

२६ नोव्हेंबर
हावभावांची मागणी ग्रुपवरून सारखी येत होती. अर्धा दिवस नकार दिला. पाचव्या तासाला मैदानात उभा राहून व्हिडिओ केला. शूटिंग दैवशालाने केलं, हात अजिबात हलला नाही. बासष्ट अंगठे.

२ डिसेंबर
तिचं तीन दिवसांत पाठ झालं. पण बोलताना असं वाटतं की दुसऱ्या कुणाचं पत्र वाचून दाखवते आहे. शिवाय ‘थांबा’नंतर दोनच सेकंद थांबते. मला तीन हवेत. मी मागच्या भिंतीला उभा राहून बोटांनी मोजून दाखवतो. तिला सांगितलं आहे की नजर कायम माझ्यावर ठेव.

दुपारी आष्टीहून राधेश्याम सरांचा फोन. आष्टी म्हणजे परतूर तालुका, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. माझं भाषण तिथवर पोचलं. त्यांनी फार आदराने विचारलं की ‘थांबा’नंतर नेमके किती सेकंद. तीन सांगितले. श्वास कुठे घ्यायचा तेही सांगितलं. ज्ञान दिल्याने वाढतं.

५ डिसेंबर
दैवशाला म्हणाली, तिची मामेबहीण शालू आष्टीच्या शाळेत आहे, तीही स्पर्धेला येणार आहे आणि तिच्या भाषणातही ‘थांबा’ आहे. मी म्हणालो, मोठे विचार एकाच वेळी अनेकांना सुचतात. तिने मान हलवली. मग हळूच विचारलं की तिची ती दोन पानं चालतील का. नाही म्हणालो.

डबा अर्धा तसाच राहिला. याच्याशी त्याचा संबंध नाही, वांगी तिखट होती.

स्टाफरूममध्ये प्रीती मॅडम म्हणाल्या, सर, अजून आठवडा आहे, तिला तिचं बोलू द्या ना. डाव स्पष्ट दिसला. मुलगी पडणार आणि विभाग यांना मिळणार. मी फक्त ‘बघतो’ म्हणालो. चिडलो नाही. खडूचा तुकडा हातात आपोआप मोडला.

८ डिसेंबर
चार वाजल्यापासून बसून ‘थांबा’च्या जागी ‘ऐका’ घालून पाहिलं. जमत नाही. परत ‘थांबा’ केलं.

ग्रुपवरून भाषण डिलीट करायला गेलो तर मुदत संपलेली. मग विनंतीचा मेसेज टाकला की सदर भाषण चालू वर्षीच्या स्पर्धेत कृपया वापरू नये. पाच अंगठे आले. अंगठा म्हणजे वाचलं आणि मान्य केलं. डोक्यावरचं ओझं उतरलं.

१२ डिसेंबर
सगळ्या शाळेसमोर शेवटची प्रॅक्टिस. तीन सेकंद बराबर. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्या मॅडमनीसुद्धा.

दैवशालाला बाजूला घेऊन सांगितलं की स्टेजवर काहीही होवो, एक अक्षर बदलायचं नाही. काहीही म्हणजे काय, असं तिने विचारलं. काहीही म्हणजे काहीही, असं सांगितलं.

१३ डिसेंबर, सकाळी ६.१५, स्टँड
तिचे वडील रामकिसन कापसाची वेचणी सोडून तिला पोचवायला आले. पोरीच्या वेणीला नवी रिबीन. मला म्हणाले, “सर, तुमच्या भरोशावर पाठवून राह्यलो पोरीला.” बिलकुल काळजी करू नका म्हणालो. ज्येष्ठमध घरीच राहिला.

११.४०, हॉल
बावीस शाळा. आमचा नंबर चौदावा. पहिलाच मुलगा उठला आणि ‘सन्माननीय व्यासपीठ’ झाल्यावर माझं पहिलं वाक्य म्हणाला. मिनिटभर अभिमानाने छाती फुगली. तिसरी मुलगी, तेच. पाचवा, तेच, आणि वर माझ्यासारखा मानेला दिलेला झटकासुद्धा. ही लकब की दोष यावर घरी वाद आहे.

१२.५०
नवव्या नंबरला आष्टीची शालू. ‘थांबा!’ म्हणाली आणि बोट रोखलं. प्रेक्षकांतल्या पोरांनी मोठ्याने एक, दोन, तीन मोजलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मीही हसलो, म्हणजे कुणाला शंका नको. तेवढ्यात राधेश्याम सर मागून आले आणि माझा खांदा धरून आजूबाजूच्यांना म्हणाले की हेच ते, मूळ लेखक. आठ-दहा माना वळल्या.

चहाच्या सुट्टीत दैवशाला आली. संयोजकांना विचारून आली होती, बाजू आयत्या वेळी बदलता येते. चेहरा उतरलेला, पण आवाज ठाम.

“सर, माझं म्हणू का? पाठ हाय.”

मी नाही म्हणालो. शिस्त म्हणून. आयत्या वेळी बदल केला की मुलं गोंधळतात, हा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे.

अजून वेळ आहे. बोलवावं का तिला परत?

२.३०
बोलवलं नाही.

ती बोलली. पहिल्या वाक्याला मागून हसू आलं. दुसऱ्या वाक्याला अर्धा हॉल पुढचे शब्द तिच्याआधी म्हणू लागला. मला वाटलं आता ही थांबेल, रडेल, उतरून येईल. ती उतरली नाही. सगळे हातवारे केले, प्रत्येक श्वास मी सांगितला तिथेच घेतला. ‘थांबा’ला सगळ्या हॉलने मोजलं. तिचं बोट तीनपर्यंत तसंच रोखलेलं, आणि नजर माझ्यावर, कारण मीच तसं सांगितलं होतं. मी खाली बघितलं.

सहा मिनिटं. एक शब्द सुटला नाही.

५.१०, बस, राजूर गेलं
नंबर नाही. पहिली आली अंबडकडची एक मुलगी. आजीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं त्याबद्दल बोलली. एकही सुविचार नव्हता.

मोठ्या मॅडमचा फोन आला. काय झालं विचारलं. मी म्हणालो, मुलगी जरा गांगरली. तोंडातून गेलं. दैवशाला माझ्या शेजारी खिडकीला बसली होती. झोपली असेल असं समजून चाललो होतो.

थोड्या वेळाने, खिडकीबाहेरच बघत, म्हणाली, “सर, मी कुठं गांगरले? एक शब्द तरी सुटला का?”

मी पिशवीत तिकीट शोधू लागलो. तिकीट शर्टाच्या खिशात होतं, मला माहीत होतं. राजूरपासून शोधतो आहे.

चहाच्या सुट्टीत तिला नाही का म्हणालो होतो, ते आता लिहून टाकतो. शिस्त वगैरे काही नाही. तिने तिचं म्हटलं असतं आणि नंबर आला असता, तर एकोणीस वर्षं मी काय करत होतो, असा प्रश्न आला असता. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार
सकाळीच कळलं की दैवशालाने स्नेहसंमेलनाच्या यादीतून नाव काढायला लावलं. नाटकही नको आणि सूत्रसंचालनही नको म्हणते. वर्गातल्या मुलींनी कारण विचारलं तर म्हणाली, सर म्हणले मी गांगरले, मंग गांगरलेच आसंन. हे मला प्रीती मॅडमनी सांगितलं. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

मोठ्या मॅडमना स्पर्धेचा लेखी अहवाल हवा होता. चार वेळा लिहायला घेतला. पहिल्या कागदावर ‘विद्यार्थिनीने’, दुसऱ्यावर ‘परीक्षकांनी’, तिसऱ्यावर ‘तांत्रिक कारणाने’. चौथा कोऱ्या कागदासारखाच होता, फक्त तारीख.

शेवटी राजीनामा लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव सांस्कृतिक विभागाची जबाबदारी नम्रपणे सोडत आहे. दोन पानं, भाषा उत्तम. एका ठिकाणी मला स्वतःलाच भरून आलं. ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवला आणि मॅडम थांबवतील म्हणून उभा राहिलो. त्यांनी ड्रॉवरमधून प्रीती मॅडमच्या नावाची ऑर्डर काढली. तारीख तेराची. हॉलमधला व्हिडिओ शनिवारी तीन वाजताच तालुक्याच्या ग्रुपवर आला होता, एकशे दहा अंगठे. म्हणजे बसमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मी काय सांगतो तेवढंच त्यांना ऐकायचं होतं.

माझ्याकडे आता सतरंज्या आणि माइक.

१६ डिसेंबर
ठरवलं की नववी ब समोर जाऊन सांगायचं. सकाळी आरशासमोर तयारी केली. सुरुवात, मध्य, शेवट. ती रडली तर काय म्हणायचं, रागावली तर काय, पाया पडायला वाकली तर कसं अडवायचं, सगळं पक्कं केलं. यातून तिचं नाव यादीत परत येणार याची खात्री होती.

तिसरा तास. वर्गात उभा राहिलो. सुरुवात आठवेना. इतकंच म्हणालो की दैवशाला गांगरली नव्हती, तिचा एक शब्द सुटला नाही, भाषण मी आधीच सगळ्यांना वाटलं होतं आणि तिला तिचं बोलू दिलं नाही, आणि मॅडमना मी खोटं सांगितलं. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला की नाही माहीत नाही. कुणी हसलं नाही. घंटा झाली, पोरं पाणी प्यायला पळाली.

ती दप्तर भरत होती. मी जवळ जाऊन विचारलं की नाव परत घालायला सांगू का प्रीती मॅडमना.

“नको सर. ऱ्हाऊ द्या.”

मग पट्टी दप्तरात घातली, चेन लावली आणि विचारलं, “जाऊ का?”

याचं उत्तर तयार केलेलं नव्हतं. जा म्हणालो.