खलातला केशरी रंग

ती. बाबांना,

वाकून नमस्कार. आधी खोकला कसा आहे ते कळवा, आणि आईला विचारून कळवा. तुमच्या ‘बरा आहे’वर माझा भरवसा नाही.

मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवते, हातमोजे घालते.

आज प्रयोगशाळेत नवल पाहिलं. आमच्या बाईंनी दोन कोरड्या पावडरी खलात घातल्या आणि म्हणाल्या, “घोट.” मी सवयीने त्या विरघळवायला सॉल्व्हंटची बाटली उचलली, तर त्यांनी माझा हात धरला. “ते कशाला? नुसतं घोट.”

आई तुमचं खोकल्याचं चूर्ण घोटते तशी मी घोटत राहिले. पावडर आधी ओलसर झाली, मग बघता बघता केशरी. पुन्हा कोरडी झाली तेव्हा तो वेगळाच पदार्थ होता. तापवणं नाही, सॉल्व्हंटचा थेंब नाही. बाहेर पडलं ते जेमतेम टिपण्याइतकं पाणी. मी बत्ता हातात धरून बघतच राहिले.

तुमच्या रंगाच्या कारखान्यात अशाच कामाला उग्र वासाचं पिंपंच्या पिंपं सॉल्व्हंट लागायचं ना? हे अजून खलापुरतंच आहे. मोठ्या प्रमाणावर जमेल का, ते बाईही छातीठोकपणे सांगत नाहीत.

कामावरून आलात की आंघोळ होईपर्यंत तुम्ही मला जवळ येऊ द्यायचा नाहीत. मी दारातच रुसून बसायचे.

आज घरी पोचले तर घरमालकिणीची नात हात पसरून धावत आली. मी आधी माझी बाही हुंगून पाहिली. मग तिला तशीच उचलून घेतली.

तुमची,
रुसूबाई