नव्या डब्यातल्या कांड्या

३ नोव्हेंबर
रहाटणीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून दाढेची कॅप परत आली — वरच्या पांढऱ्या थराचा टवका उडाला. उडणारच! कॅप ओतली की जास्तीच्या धातूचा गोळा उरतो, त्याला बटण म्हणतात. ते परत वितळवायचं. मग परत! दरवेळी धातू जास्त काळा, जास्त ठिसूळ. सोपानराव म्हणतात, "धातू काय शिळी भाकर हाय का रे विक्की?"
लॅब त्यांची. तोंड लोकांचं.

५ नोव्हेंबर
आईच्या दाढेचं रूट कॅनल झालं. महिनाभर एकाच बाजूनं चावतेय. तिची कॅप मीच ओतणार, नव्या डब्यातल्या कोऱ्या कांडीची. शब्द दिलाय.

६ नोव्हेंबर
सोपानरावांचीच दाढ तुटली! लगेच — "माझ्याला नव्या डब्यातलं टाक हां भावा." भावा! एरवी गाढवा.

७ नोव्हेंबर
ते जेवायला गेले. जुनी सगळी बटणं वितळवली, नव्यासारख्या कांड्या पाडल्या, पॉलिश मारलं. आता ओळखून दाखवा! त्या नव्या डब्यात. खरं नवं माझ्या बॅगेत, आईसाठी. मग त्यांची कॅप ओतली, त्याच डब्यातून. "चमक बघ! नव्याची गोष्टच येगळी," म्हणाले. संडासात जाऊन हसलो.

९ नोव्हेंबर
ताप. डेंग्यू निघाला.

१८ नोव्हेंबर
आज उठून बसलो. आई म्हणाली, "कॅप बसवून आले परवा. तू पडलेला, म्हणून तुझ्या मालकानं स्वतः केली. देवमाणूस रे."
देवमाणूस! जुनं भंगारच घातलं असणार.

२२ नोव्हेंबर
आईची हिरडी जांभळी झालीय. गाल सुजला. "कल्हई उडालेल्या भांड्यातलं पाणी प्यावं तसं लागतं सारखं," म्हणते. भाकरी दुधात कुस्करून दिली. तीही तशीच ठेवली.
एवढं होऊन मलाच विचारते — "जेवलास का?"

२४ नोव्हेंबर
बॅग पाठीला लावून तडक लॅबवर. भांडायलाच. सोपानराव गालाला हात लावून बसलेले. ओरडलो — "माझ्या आईला जुनं घातलंत?"
त्यांनी गालावरचा हात काढला. मग म्हणाले, "तुझ्या आईला जुनं घालीन व्हय रे? नव्या डब्यातलं घातलं. शेवटची कांडी हुती."
बॅग पाठीवरच होती, खऱ्या नव्या कांड्यांसकट.