शंभर वॅटची पाटी

१७ मार्च १९९६
विहारात जयंतीची बैठक. रामहरी अध्यक्ष. म्हणाला, "वैनी, औंदा इंदापूरच्या सर्जेरावचा सेट आणू. दोन हजार वॅट हाय." आपल्या लाउडस्पीकरच्या मशीनचा आवाज म्हणे हायवेच्या फाट्यापर्यंत पोचत नाही. मी म्हटलं, शंभर वॅट आहे, पाटीवर ह्यांनी स्वतः रंगवलंय. बावीस वर्षं आमच्या डाळज गावच्या जयंतीला ह्यांचंच मशीन. हे गेल्यावरही दोन वर्षं सुरुवातीला माइकवर म्हणतात, मशीन कुंडलिकतात्यांचं. वर्षातून तेवढंच नाव निघतं.
ठरलं: ७ एप्रिलला चाचणी. फाट्यावर ऐकू आलं तर आपलं मशीन. निश्चय: तोवर ॲम्प्लिफायर शिकायचा. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं स्वतः वाचलं, हेही वाचीन.

२१ मार्च
वाचनालयातलं पुस्तक, चाळीस पानं. ॲम्प्लिफायर स्वतः काही निर्माण करत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर देईल तेवढंच. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आवाजाला त्याहूनही कमी मिळतात, बाकीचे उष्णतेत जातात. पाटीवर विश्वास ठेवू नये, गुणाकार करावा. सोपं आहे. रामहरीला जमणार नाही.

२४ मार्च
इंदापूर. सर्जेरावला सेटचं झाकण उघडायला लावलं. चोवीस व्होल्ट, पाच अँपिअर. एकशेवीस. दोन हजार कुठून आले विचारलं. म्हणाला, "मावशी, ते पीएमपीओ हाय." म्हणजे क्षणभर निघेल तो जोर, तोही फुगवून. वर म्हणतो, "गिऱ्हाईक आकडा बघतंय, गुणाकार करत न्हाय." खोटारडा. ह्यांना असलं सुचलंही नसतं. येताना एसटीत दोन वर्षांनी बरं वाटलं.

२९ मार्च
आपलं मशीन उघडलं. ट्रान्सफॉर्मरवर चोवीस व्होल्ट वाचता आलं. पुढच्या आकड्यावर धूळ. फडकं हाताशी नव्हतं. उद्या.

३० मार्च
फडकं धुतलं. वाळलं नाही.

२ एप्रिल
मुलगी प्रियदर्शनी बारामतीहून आली. नको म्हणत असताना तिनं ओढणीनं धूळ पुसली. म्हणाली, दोन अँपिअर, आई. मी म्हटलं, जुन्या काळचे अँपिअर मोठे असायचे. चहा ठेव म्हटलं.
गुणाकार केला नाही. पुस्तक परदेशी मशीनबद्दल असावं.

५ एप्रिल
आवाजाच्या बटणाशी निम्म्यावर ह्यांची पांढरी खूण आहे. बटण तिच्यापुढे कधी नेत नसत. स्वभावच तसा, कधी आवाज चढवला नाही. भोंगाही एकच लावायचे. मी दोन लावणार.

७ एप्रिल, संध्याकाळी सहा
जाऊ धोंडाबाईनं माइकवर वंदना म्हटली. खुणेपर्यंत आवाज स्वच्छ. रामहरी फाट्यावरून सायकलनं परत आला, न्हाय ऐकू येत म्हणाला आणि पुन्हा गेला. खूण ओलांडली. धोंडाबाईचा आवाज खडी फोडल्यासारखा यायला लागला. ती थांबून म्हणाली, "आगं, ही म्या न्हवं." मग फ्यूज गेला.
सहाला व्होल्टेज पडतंच, उसाच्या मोटारी चालू असतात. सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना सांगितलंही. रामहरी म्हणाला, "वैनी, तात्या दोन भोंगं कवा लावतच न्हवते." वाईट हेतूनं म्हणाला नाही. त्याचाच राग आला.

१४ एप्रिल
सर्जेरावचा सेट. घरांचे पत्रे थरथरत होते. दर दहा मिनिटांनी माइकवर सर्जेरावचं नाव, दुकानाच्या पत्त्यासकट. मी मागच्या रांगेत. धोंडाबाईच्या कानात सांगितलं, एकशेवीसच आहे. तिला ऐकू गेलं नाही.

१५ एप्रिल
चोवीस दुणे अठ्ठेचाळीस.
रॉकेलनं पाटी पुसली. ह्यांच्या शंभराखाली कंपनीचा कोरलेला आकडा निघाला. तीस.
म्हणून ती खूण. म्हणून एक भोंगा. ह्यांना माहीत होतं. गावाला सांगितलं नाही, ठीक. मला तरी सांगायचं. वीस वर्षं मी बायकांना शंभर वॅट, शंभर वॅट म्हणून सांगत होते, आणि हे शेजारी उभे राहून वायर गुंडाळत होते.
दुपारी पांढरा रंग आणला. पाटीवर परत शंभर लिहिलं. एक बरा आला. शून्यं ह्यांच्यासारखी गोल आली नाहीत.