पेटी दुसऱ्यांदा फिरवायची असते

प्रिय जोलीन,

वाचनालयातल्या बाईंनी लॉजच्या इमारतीचा इतिहास माझ्याकडे एका पानात लिहून मागितला आहे. इमारत वारसा यादीत जाणार म्हणे, दाराशी पितळी पाटी लागणार. "वर्ला, या गावात तुझ्याइतकं वाचणारं दुसरं आहे कोण?" असं त्या म्हणाल्या. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला हे ऐकून बरं वाटतं, म्हणून हो म्हणून बसले. पण पाटीवर शोभेल असं मला फारसं ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे ते पाटीवर लिहिता येत नाही. फोनवर पप्पांचा विषय निघाला की तुला लगेच काहीतरी काम आठवतं. म्हणून हे कागदावर.

पाटीपुरतं सोपं आहे. मेन स्ट्रीट जळाली, त्याच्या पुढच्या वर्षी लँटर्न लॉज या बंधुमंडळाच्या लोकांनी नदीकाठच्या भट्टीतल्या विटांनी हे तीन मजले उभे केले. खाली भाड्याचं दुकान, आधी खोगिरांचं, मग बुटांचं, तू लहान होतीस तेव्हा खिळे-हातोड्यांचं, आता पिझ्झाचं. त्या भाड्यातून मेलेल्या सभासदांच्या बायकांना कोळसा आणि पोरांना बूट मिळायचे. मधल्या मजल्यावर जेवणघर. वरचा मजला सभेचा, तिथे तेव्हा बायकांना मनाई. लग्न झाल्यापासून मी दर मंगळवारी मधल्या मजल्यावर बटाटे सोलले आणि डोक्यावर खुर्च्या सरकताना ऐकल्या. तुझे पप्पा वर दारावरचे रखवालदार. सभा संपली की खाली येऊन अ‍ॅपल पाय खायचे. "वर करता तरी काय हो एवढं?" असं विचारलं की म्हणायचे, "खुर्च्या गरम करतो." एल्डननं यापलीकडे मला कधी काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत ते गेले तेव्हा दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीवर काळं कापड घातलं होतं, ते तू पाहिलं नाहीस, तू जेवणाआधीच निघालीस. काही दिवसांनी मेरिट आला, तोच सध्या लॉजचा प्रमुख. केकचे दोन तुकडे संपवले. मग म्हणाला, लॉज चालू ठेवायला पाच माणसं लागतात, एल्डन गेला आणि आम्ही चार उरलो. फार दिवस पाचाच्या खाली राहिलं की सनद राज्याच्या मुख्य लॉजकडे परत जाते, तिच्याबरोबर इमारतही, आणि ते ती विकून टाकतात. ओमाहाहून एक माणूस मोजपट्टी घेऊन येऊनही गेला, किती फ्लॅट निघतील ते बघायला. "म्हणून तू सभासद हो, वर्ला." मी म्हटलं, "मी वर बसले तर खाली बटाटे कोण सोलणार?" तर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "त्यावर आमची चर्चा झाली आहे."

मतदान कसं होतं ते तुला ठाऊक आहे, नको तितकं; बायकांवरची मनाई उठल्यावर तूही अर्ज केला होतास. पेटी हातोहात फिरते, पांढरी गोटी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, आणि एक काळी पुरते. मी खाली स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते. बराच वेळ झाला. मग चौघांतला ऑर्विल टटल हसत हसत जिना उतरला. "वर्ला, पहिल्या फेरीत तुला काळी पडली! आणि ती माझीच, मूर्खाची!" त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पांढऱ्या गोट्या शंभर वर्षांच्या हातांनी तंबाखूसारख्या झालेल्या. पांढरी समजून त्यानं काळी सोडली. नियम असा, की एकच काळी निघाली तर चुकून पडली असेल म्हणून पेटी दुसऱ्यांदा फिरवायची. दुसऱ्यांदा सगळ्या पांढऱ्या निघाल्या.

मी विचारलं, "आणि जोलीनच्या वेळी?"

त्याचं हसू गेलं. तो स्टुलावर बसला. "आता तू आमच्यातलीच, म्हणून सांगतो," म्हणाला. तुझ्या वेळीही एकच होती. पेटी पुन्हा फिरवायला घेतलीच होती, तेवढ्यात दारापाशी तुझे पप्पा उभे राहिले. "राहू दे," म्हणाले. "माझ्या पोरीसाठी पेटी दोनदा फिरायला नको." नियम सगळ्यांसाठी होता, पण स्वतःच्या लेकीच्या वेळी त्यांना ती सवलत मागितल्यासारखी वाटली. कोणी वाद घातला नाही. मतदानाचं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असते. त्या रात्री ते खाली आले आणि अ‍ॅपल पायला हात लावला नाही. तू त्यांचा चेहरा पाहिलास आणि ठरवलंस की काळी त्यांचीच. मला तसं म्हणालीसही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता उत्तर आहे, आणि करायचं काय ते कळत नाही. मला त्यांचा राग येतो, आणि भांडायला माणूस नाही. ती काळी गोटी कोणाचा द्वेष होता की कोणाचे डोळे, तेही कळणार नाही. ऑर्विल शपथेवर सांगतो की त्याची नव्हती, आणि लगेच म्हणतो, मला कसं कळलं असतं? बाकीचे बहुतेक टेकडीवर पुरलेले आहेत. वरच्या मजल्यावर गेले तेव्हा वाटलं, एवढंच? विटलेला गालिचा, बाकं आणि एक वचन. आजाऱ्याला भेटू, मेलेल्याला पुरू, कोणाच्याही लेकराला वाऱ्यावर सोडणार नाही. हे इतकी वर्षं लपवायचं कशाला? आणि हे वचन पाठ असलेला माणूस दारात उभा राहून "राहू दे" म्हणतो, हे मी कुठल्या पुस्तकात शोधू?

ईस्टर झालं की ऑर्विल मुलाकडे ॲरिझोनाला राहायला जातो आहे. आम्ही पुन्हा चार. मी मेरिटला म्हटलं, माझ्याकडे एक नाव आहे. तो बुटांकडे बघत म्हणाला, "विचार तरी तिला." तर विचारते आहे. लिंकनहून तुला तासाभराचा रस्ता. हे मी इमारतीसाठी मागते आहे, पप्पांसाठी, की तू मंगळवारी जेवायला येशील म्हणून, ते माझं मलाच उमजत नाही. वर लिहिलेलं बाहेरच्या कोणाला सांगायची मला मनाई आहे, तेव्हा मी तुला काय धरून चालले आहे ते समजून घे. गोट्या घरी आणून सोड्याच्या पाण्यात ब्रशनं घासल्या. पांढऱ्या आता पांढऱ्या दिसतात. तरीही एखादी काळी पडलीच, तर पेटी पुन्हा फिरेल. दाराजवळच्या खुर्चीवर आता मी बसते, जोलीन, आणि मी "राहू दे" म्हणणार नाही.

तुझीच,
आई