यादीत नसलेलं नाव

ओरान, ४ मार्च २०१४

ती. बाबांस मबरूकाचा सलाम, वि. वि.

प्रबंध संपत आलाय, पण शेवटच्या संदर्भयादीवर गाडं अडलंय. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, वाचणाऱ्याला स्वतः काढून पाहता येतं तेवढंच यादीत जातं. तोंडी सांगितलेलं बसत नाही. मजकुरात कंस करून 'प्रत्यक्ष बोलणे' आणि तारीख लिहायची, संपलं. मला रडू आलं. तिमीमूनच्या भुयारी पाटाचं पाणी तीस वर्षं मोजून वाटलंत तुम्ही, आणि यादीत पुस्तक लिहिणारे डॉ. लखल! चाळीस दिवस आपल्या घरी राहून तुमचंच सगळं उतरवून घेतलं ना त्यांनी?

एक वाट आहे. तुम्ही सगळं बोलून ध्वनिफीत केलीत, तर ती विद्यापीठाच्या संग्रहात ठेवता येईल. मग यादीत तुमचं नाव. मुदत महिनाअखेर. नाही म्हणू नका.

तुमची लाडकी हट्टी,
मबरूका

तिमीमून, २३ मार्च

चि. मबरूकास अनेक आशीर्वाद.

लखलचं पुस्तक फ्रेंच, म्हणून तुझ्या भावाकडून, सालेमकडून, वाचून घेतलं. त्यात मी 'एक स्थानिक म्हातारा' आहे. तेव्हा मी एकेचाळीसचा होतो गं! तुझी आई म्हणते, खाल्ल्या मिठाला जागला नाही मेला.

ध्वनिफितीचं जमलं नाही. तीन दिवस फोनसमोर बसलो. पाण्यात भोकांची तांब्याची पाटी धरली, चिखलानं एकेक भोक बुजवत गेलं, की मापं आपोआप तोंडात यायची. पाट आटून सहा वर्षं झाली. कोरड्यात मला काही बोलता येईना. फार वाईट वाटलं. तू लखलचं नाव घाल, पण पदवी सोडू नकोस.

म्हाताऱ्यावर रागावू नकोस,
बाबा

ओरान, ११ मे २०१५

ती. बाबांस सलाम, वि. वि.

तुम्ही खुशाली विचारलीत. नोकरी बरी आहे, मी बरी नाही.

काल अल्जीयर्सच्या एका मुलीचा लेख वाचला. पाटी, चिखल, मापं, सगळं तुमचं. कितीतरी शब्दसुद्धा तुमचे. कंसात मात्र माझं नाव आणि वर्ष, शेवटच्या यादीतही मीच. तिची काहीच चूक नाही. माझा प्रबंध तिला काढून पाहता येतो, तुम्हाला कुठून काढणार?

लखलांना मी किती शिव्या घातल्या! बाबा, मीही तेच केलं, आणि अगदी नियमाप्रमाणे केलं.

तरी पूर्वीसारखीच माया ठेवाल ना?
मबरूका