पेशंट नंबर दोन

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून डायबेटिसच्या गोळ्या बंद. आजपासून गोमूत्र. रोज एक कप, रिकाम्या पोटी. ही रोजनिशी त्यासाठीच काढली.

मी अंधश्रद्धाळू नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अर्धं आयुष्य लोकांची लघवी तपासण्यात गेलं. मूत्र या विषयात माझा हात धरणारा माणूस या शहरात नसेल. पूर्वजांना जे माहीत होतं ते मी फक्त मोजून दाखवणार.

गोळ्यांचं पाकीट कपाटावर फेकलं. बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. पटलं असणार.

५ फेब्रुवारी
मागच्या गल्लीतल्या गोठेवाल्या मावशींकडे बाटली घेऊन गेलो. त्यांची काळी गाय निवडली. शांत. डोळ्यांत करुणा. बराच वेळ उभा राहिलो. मी घड्याळ बघायला मान वळवली आणि काळीने कार्यक्रम उरकून टाकला. मावशी म्हणाल्या की तिच्याकडे टक लावून बघितलेलं तिला आवडत नाही. आमच्या लॅबमधल्या पेशंटांचंही तेच असतं.

६ फेब्रुवारी
बाटली भरली. घरी येऊन कप नाकाजवळ नेला. एवढा अनुभव असूनही मान आपोआप मागे गेली. जुन्या गोळ्यांचं विष, दुसरं काय. नाक दाबून तोंडात घेतलं. बेसिनमध्ये थुंकलं. पण बरंचसं तोंडातच शोषलं गेलं असेल. डोस पूर्ण धरला आहे.

७ फेब्रुवारी
मध घालून घेतलं. मधाने शुगर वाढेल हे नंतर सुचलं. कपातून मध काढायचा प्रयत्न केला. निघत नाही.

१२ फेब्रुवारी
लॅबमध्ये स्वतःची उपाशीपोटीची शुगर तपासली. दोनशे साठ. गोळ्या चालू असताना एवढी कधी नव्हती.

अपेक्षितच होतं. शरीर साठलेली साखर बाहेर काढतंय. बाहेर जाताना ती रक्तातूनच जाणार, विमानाने थोडीच जाणार. रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर मुद्दाम ठेवला. बायकोने तो उचलून उभ्या उभ्या दोनदा वाचला. तिला विषयात रस यायला लागलाय.

१५ फेब्रुवारी
विज्ञान म्हणजे तपासणी. काळीचं सँपल लॅबमध्ये नेलं. कॉम्प्युटर पेशंटचं नाव मागतो. 'मिसेस के.' असं टाकलं. खरं वय चार, पण लहान मुलांच्या यादीत गेलं असतं, म्हणून चाळीस केलं. लिंग स्त्री. यात खोटं काही नाही.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. या लॅबच्या मालक. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण डिग्री आहे. म्हणाल्या, पीएच भलताच आहे आणि असले स्फटिक त्यांनी माणसात आजवर पाहिले नाहीत. ही बाई गवत खाते का, असं विचारलं. मी म्हटलं, शाकाहारी आहे. तिला आजच परत बोलवा म्हणाल्या. मी म्हटलं, ती दावणीला, म्हणजे घराला बांधलेली असते, सहसा बाहेर पडत नाही. सासरचे लोक कसे आहेत, असंही विचारलं. दिवसभर काळजीत होत्या.

थोडक्यात, या द्रवात काहीतरी असामान्य आहे हे एका डॉक्टरच्याच तोंडून वदवून घेतलं.

१८ फेब्रुवारी
आज भाजी कडू लागली. कालही कडू होती. रात्रीचं दूधही. बायकोला बोललो. तेल बदललंय म्हणाली. दुधात तेल कुठून आलं हे विचारायचं राहून गेलं.

नंतर शांतपणे विचार केला आणि उलगडा झाला. जीभ शुद्ध होतेय. अन्नाची मूळ चव मला आता कुठे कळायला लागली.

२४ फेब्रुवारी
एकशे सत्तर.

दोनदा तपासलं. एकशे सत्तर. लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना माझ्याकडून चहा. डोसबद्दल प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. गेले काही दिवस पाव कपच घेतोय. सकाळची गडबड असते.

२ मार्च
बायको केमिस्टच्या दुकानात दिसली. विचारलं तर खोकल्याचं औषध म्हणाली. घरात कधी खोकताना ऐकलं नाही. बाहेर खोकत असेल.

५ मार्च
एकशे तीस. मी जिंकलो.

हल्ली चहात एक थेंब टाकतो. कधी कधी थेंबही विसरतो, बाटलीकडे बघून घेतो. तरी शुगर उतरतेच आहे. याचा अर्थ डोस जेवढा कमी तेवढा गुण जास्त. हा माझा स्वतंत्र शोध आहे.

बायकोला आकडा सांगितला. तिने देवापुढे हात जोडावेत तसे जोडले आणि पोळ्या लाटायला गेली. पुन्हा काही बोलली नाही. आता तर पटलंच असणार.

८ मार्च
काळीला ताप. गोठ्यात जनावरांचे डॉक्टर आले होते, दोन इंजेक्शनं दिली. मी मावशींना सुचवलं की औषध तर तिच्याच पोटात तयार होतं, तेच पाजा. मावशी म्हणाल्या, जनावर महागाचं आहे, त्याच्यावर असले प्रयोग परवडत नाहीत.

श्रद्धा कमी पडते लोकांची. काळी बरी होईपर्यंत शेजारची तांबडी चालवून घेणार. या प्रयोगावर पेपर लिहायचं ठरवलंय, त्यात 'गाय' एवढंच लिहायचं. रंग लिहायचा नाही.

१० मार्च
मे महिन्यात टेक्निशियन लोकांचा वार्षिक मेळावा आहे. तिथे पेपर वाचणार. डॉक्टरीणबाईंना पहिल्या रांगेत बसवणार. पण एका पेशंटवर पेपर होत नाही. पेशंट नंबर दोन हवा.

मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. शिंपी आहे, दोन गल्ल्या सोडून दुकान, दुकानामागच्या खोलीत एकटाच राहतो. लग्न केलं नाही. डायबेटिस त्यालाही आहे, माझ्याहून जुना. मला फार मानतो. भावोजी सांगतील ते ब्रह्मवाक्य.

११ मार्च
मेहुण्याकडे गेलो. माझे रिपोर्ट दाखवले. बिचारा हरखून गेला. गोळ्या त्याने माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्याने विचारलं, भावोजी, तुम्ही किती घेता. रोज एक कप, म्हटलं. थेंब म्हटलं असतं तर त्याला पटलं नसतं, आणि पेपरमध्येही थेंब बरा दिसत नाही.

ताईला कळू द्यायचं नाही, असंही बजावलं. मोठ्या संशोधनात अशा गोष्टी गुप्त ठेवतात. त्याला ब्लाइंड ट्रायल म्हणतात.

१८ मार्च
मेहुणा रोज कपभर पितो. नाक दाबत नाही. मध घालत नाही. मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. काहींच्या अंगात जात्याच सहनशक्ती असते.

२५ मार्च
मेहुण्याची शुगर तीनशे चाळीस. माझंही सुरुवातीला असंच झालं होतं. त्याच्यात जास्त साठलेलं दिसतंय. त्याला म्हटलं, धीर सोडू नकोस, पुढच्या आठवड्यात उतरायला लागेल. तो म्हणाला, तुमच्याकडे बघून धीर आहे.

१ एप्रिल
उतरली नाही. मशीन बिघडलं असावं. त्यावर आज इतर पेशंटांचे सगळे रिपोर्ट बरोबर आले, पण मशीनचं काही सांगता येत नाही.

४ एप्रिल
शिलाई मशीनचं पायडल घासून मेहुण्याच्या उजव्या पायाला फोड आलाय. अंगठ्याच्या शेजारी. फुटलाय. मी विचारलं, दुखतं का. अजिबात नाही, म्हणाला. मी त्याच्याच समोर वहीत लिहिलं: वेदना नाहीत, गुण येतोय. तो खूश झाला. जखम रोज गोमूत्राने धू, असं सांगून आलो.

९ एप्रिल
पेपरचं टायपिंग पूर्ण. टायपिंगवाल्याने छापलेल्या पहिल्या पानावर माझं नाव मोठ्या अक्षरात आहे, छान दिसतंय.

मेहुण्याकडे जाऊन आलो. पायाचा रंग बदललाय. खोलीत वास येत होता. बाटली उघडी राहिली असेल म्हणाला. मीही तसंच धरलं. बाटलीला बूच होतं.

११ एप्रिल, संध्याकाळी
बायको ब्लाउजचं माप द्यायला भावाच्या दुकानात गेली. तो कापड बेतायच्या टेबलावर तापाने फणफणून पडला होता. तिने शेजाऱ्यांना हाक मारून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, मग मला फोन केला. मी पोचेपर्यंत त्याने तिला सगळं सांगितलं होतं. कप, गोळ्या, ब्लाइंड ट्रायल, सगळं.

१२ एप्रिल
उजव्या पायाची दोन बोटं काढली. सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर वाचली असती. मी सावरून घेत म्हटलं, अशा केसेसमध्ये काही सांगता येत नाही. सर्जनने माझ्याकडे बघितलं नाही.

बायको व्हरांड्यात बाकावर बसली होती. शेजारी जाऊन बसलो. तिला म्हटलं, मला का नाही झालं मग, मीही तर तेच घेत होतो. माझी शुगर एकशे तीस आहे, रिपोर्ट आहेत.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं, फेब्रुवारीतला तो रिपोर्ट वाचला त्या दिवसापासून ती माझ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून जेवणात घालतेय. भाजीत एक, दुधात एक. तुम्हाला समजावत बसण्यापेक्षा कुटणं सोपं होतं, म्हणाली.

मग म्हणाली, माझ्या भावाला बायको नाही हो.

एवढंच बोलून उठली आणि आत गेली.

१२ एप्रिल, नंतर
एकशे तीस हा आकडा गोळीचा होता. पेपरमध्ये मी जिभेच्या शुद्धीवर दीड पान लिहिलंय.

थोडाफार वाटा गोमूत्राचाही असेल, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. एक थेंब घेत होतो मी. तोही कधी कधी. लाज वाटते. घरात बसवत नाही.

उद्या मेहुण्याला सगळं खरं सांगणार. सकाळी पहिलं काम.

१३ एप्रिल
त्याला झोप लागली होती. उठवणं बरं नव्हे.

१४ एप्रिल
ड्रेसिंग चालू होतं. नर्ससमोर नको.

१५ एप्रिल
आज सांगितलंच असतं. पण दुकान कधी उघडता येईल, डाव्या पायाने मशीन चालवायला किती दिवसांत जमेल, असं तो विचारत होता. अशा वेळी विषय काढवला नाही.

गोळ्या मी आता समोर पाण्याबरोबर घेतो. भाजी गोड लागते. बायको कामापुरतं बोलते.

१७ एप्रिल
संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. मेहुणा उशाला टेकून बसला होता. बायको त्याला सफरचंद कापून देत होती. आज सांगायचंच, असं ठरवून स्टुलावर बसलो.

तोच आधी बोलला. म्हणाला, भावोजी, पडल्या पडल्या फार विचार केला, चूक माझीच आहे. गिऱ्हाइकांच्या घाईत दोन वेळा कप चुकला. तीनदा असेल. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, तुमचा पेपर बिघडला असता. मग माझा हात धरून त्याने विचारलं, तुम्हाला कसं जमलं हो रोज कपभर, एकदाही न चुकता.

बायकोची सुरी थांबली.

मी म्हटलं, सवय लागते.