टेपरेकॉर्डर आणि नलूचं वाचन

१२ जानेवारी १९५९
टेपरेकॉर्डर आला! शिवाजी पार्कच्या एका रिटायर्ड इंजिनियरांनी आमच्या लालबागच्या शाळेला भेट दिला. मुलांचं वाचन त्यानं सुधारतं का, हे तिसरीच्या वर्गावर मी तपासायचं. अर्धी मुलं टेप ऐकणार. उरलेली अर्धी आमच्या जुन्या शिक्षिका मालनबाईंकडे व्हरांड्यात, शब्दाखाली बोट ठेवून वाचणार. बोट! १९५९ साली!
नलूला मी माझ्याकडे घेतलं. गिरणीतल्या राजारामची मुलगी. अडखळते, पण आवाज गोड. मालनबाई म्हणाल्या, आत्ता कुठे अक्षरं जुळवायला लागली आहे, राहू दे माझ्याकडे. म्हटलं, प्रयोगात माया चालत नाही.

२० जानेवारी
धडा माझ्याच आवाजात टेपवर भरला. मध्ये एकदा खोकलो. हरकत नाही.

१७ फेब्रुवारी
यश! नलू धडा घडाघडा वाचते. माझ्यासारखे चढउतार. खोकतेही तिथेच. याला म्हणतात एकाग्रता. मालनबाई म्हणाल्या, वाचताना ती खिडकीबाहेर बघत होती. म्हटलं, सफाई म्हणजे तीच.

२३ मार्च
इन्स्पेक्टरसाहेब आले. मी नलूला पुढे केलं. साहेबांनी नेमका टेपवर नसलेला धडा उघडून दिला. नलूनं पुस्तक नीट धरलं आणि टेपवरचा धडा म्हणून दाखवला. खोकल्यासकट. साहेब म्हणाले, "बाळ, हा धडा नाही." तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, जास्त मोठ्यानं. वर्ग हसला. साहेबांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"
नलूनं माझ्याकडे बघितलं. मी मशीनची वायर गुंडाळत होतो.

२४ मार्च
साहेबांनी अवघड धडा निवडला. मालनबाईंच्या मुलांनी तोच वाचला म्हणे. पण किती हळू!

१८ एप्रिल
निकाल. नलू नापास. राजाराम शाळेत आला. "पोरीचं डोकं नाय चालत, मास्तर. गावाक आजीकडे धाडतंय. धाकट्याक तरी सांभाळीत." मालनबाईंनी हात जोडले, एक वर्ष द्या, मी शिकवते. तो ऐकेना. मला म्हणाल्या, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. नलू जिन्यात उभी होती. तिला म्हटलं, उद्या रविवारी नक्की घरी येतो, बाबांना समजावतो.

१९ एप्रिल
शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा. मराठी माणसानं गैरहजर राहून कसं चालेल? उद्या जाईन.

२२ एप्रिल
ऊन फार. शिवाय राजारामची दुसरी पाळी असणार. मालनबाईंनी विचारलं, गेला होतात का? म्हटलं, मुद्दे काढतोय.

२६ एप्रिल, रविवार
दाढी केली, मुद्दे पाठ केले, गेलो. खोलीला कुलूप. शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, राजाराम बाहेर गेलाय. नलू परवाच्या बोटीनं आईबरोबर गावी गेली.
"त्या रविवारी वेणी घालून दिवसभर दारात बसली होती, मास्तर. जेवाक पण उठेना. गुरुजी येतले म्हणायची."
मी म्हटलं, सभा होती. गंगुबाईंनी चहा टाकू का, विचारलं. नको म्हटलं.
जिन्यात बराच वेळ उभा होतो.